गळाशिवाय मासेमारी

आमच्या घराण्यात सहा पिढ्यांत कोणी मासा पकडलेला नाही. मी पकडायला गेलो होतो, पण त्याने या परंपरेला काही धक्का लागला नाही.

आम्ही बनारसचे मराठी. रामघाटाच्या वर, गल्लीत घर. थोरला भाऊ, म्हणजे दादा, घाटावर यजमानांचे विधी करतो आणि पाठशाळेत वेद शिकवतो. मी बँकेत. चातुर्मासात आमच्याकडे कांद्याचं नाव काढतानाही आवाज खाली येतो. मासा हा शब्द फक्त दशावतार सांगताना, तोही संस्कृतात.

मुलगी दिली ती मात्र रेवदंड्याजवळ. व्याही भाऊराव यांची स्वतःची छोटी मोटरबोट आहे आणि दर रविवारी ते समुद्रावर गळ टाकायला जातात. लग्नात त्यांनी मला होडीची सवय आहे का, असं विचारलं. चार पाहुणे ऐकत होते. मी म्हणालो, "आमचा जन्म होडीत गेला." (हे खोटं नाही. फक्त त्या होड्या दुसरं कोणीतरी चालवत होतं.)

गेल्या माघात भाऊराव आमच्याकडे आले ते एक लांबलचक पिशवी घेऊन. दादाने हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, काठी आहे. गळाची, हा शब्द तेवढा गाळला. पुढचे दोन दिवस दादा घाटाच्या पायऱ्या उतरताना भाऊरावांचं कोपर धरून त्यांना सांभाळून नेत होता. भाऊराव रोज सकाळी पाच किलोमीटर पळतात.

तिसऱ्या दिवशी भाऊरावांनी बेत सांगितला. दिवाळीत मी त्यांच्याकडे समुद्रावर जायचं होतं, तेव्हा त्याआधी इथे गंगेतच माझा हात बसवून घ्यावा. मुलीच्या सासऱ्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. मी धर्म आडवा घातला. गंगेत, घाटासमोर, आमच्या घराण्याने मासा मारायचा म्हणजे दादा मला वाळीत टाकेल. भाऊरावांनी शांतपणे दोऱ्याचा गळ काढून खिशात ठेवला आणि दोरा लांब जावा म्हणून टोकाला नुसतं शिशाचं वजन लावलं. आता माझ्याकडे एकही सबब उरली नाही.

दादाला आम्ही घाट बघायला जातो असं सांगितलं आणि छेदीच्या मोटरबोटीत बसलो. छेदी आमचा जुना नावाडी. बोट शिंदे घाटासमोर, नदीच्या मध्याच्या जरा पलीकडे आली, तेव्हा भाऊरावांनी शिकवणी सुरू केली. तीन गोष्टी. बोटीत उभं राहायचं नाही. फेकण्याआधी मागे बघायचं. आणि दोरा पाण्यात असताना इंजिन बंद.

मी उभा राहिलो आणि मागे न बघता फेकलं. शिसं छेदीच्या डोक्यावरून गेलं आणि त्याचा गमछा गंगार्पण झाला. छेदी म्हणाला, कोई बात नहीं भैया, पुराना था. पण तो थोडा पुढे सरकून बसला.

दुसऱ्या खेपेला मी मागे बघितलं. बघत असतानाच फेकलं, त्यामुळे शिसं मागेच पडलं. इंजिन बंद करायचं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. क्षणभर काही नाही, आणि मग असा हिसका बसला की काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळायला लागलं.

"लागला," मी म्हणालो.

भाऊरावांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खराखुरा अभिमान उमटला. मग त्यांना आठवलं की गळ त्यांच्या खिशात आहे. तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बोटीच्या पंख्याला साठ हात नायलॉनचा दोरा मी स्वतःच्या हाताने गुंडाळला होता.

बोट प्रवाहाबरोबर सरकू लागली. छेदीने इंजिन घेतल्यापासून वल्हं घरी ठेवलं होतं. भाऊराव मला म्हणाले, नांगर टाका. मला काहीतरी भरपाई करायचीच होती. मी तो जड लोखंडी नांगर दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात सोडला. तो व्यवस्थित तळाशी गेला असणार. दोर मात्र बोटीतच, छान वेटोळं करून पडलेला होता.

छेदीने त्या वेटोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भैया, पहिले बांधा जाता है."

संकठा घाट मागे गेला. बनारसला प्रवाह घाटांच्या बाजूने ओढतो, त्यामुळे आम्ही वाहत वाहत थेट रामघाटाकडे निघालो. आणि तिथे खालच्या पायरीवर दादा बसलेला मला दिसला. समोर साताऱ्याकडच्या यजमानांचं मोठं कुटुंब, मधोमध एक आजी, पुढ्यात फुलांचं ताट. सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख होतं, लपायला जागा नव्हती. खरं सांगतो, त्या वेळी बोट उलटली असती तरी मला चाललं असतं.

भाऊराव पंख्यातला दोरा कापायला बोटीच्या मागच्या टोकावरून ओणवे झाले होते आणि छेदीने त्यांचे पाय धरले होते. घाटापासून आम्ही वीस-पंचवीस हातांवर आलो, तसे ते तिथूनच म्हणाले, "विनायकराव, आता तुम्हीच. दोरा घाटावर फेका. कोणी धरला की आपल्या टोकाला दोर बांधू, मग ओढतील."

काठीकडचा दोरा त्यांनी आधीच कापून मोकळा केला होता, पण शिसं पंख्यात गेलं होतं. त्यांच्या पिशवीत आमिष म्हणून लावायचा एक चंदेरी प्लास्टिकचा मासा होता, बिनगळाचा, तो मी दोऱ्याला बांधला. बसलो. मागे बघितलं. फेकलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली बिनचूक फेक. मासा उन्हात चमकत गेला आणि अलगद आजींच्या फुलांच्या ताटात पडला.

आजींनी हात जोडले. "गुरुजी, गंगामाईनं दिला का हो?"

दादाने माशाकडे पाहिलं. मग दोऱ्याकडे. मग दोरा जिथून येत होता तिथवर सावकाश नजर नेली.

"नाही," तो म्हणाला. "हा माझा धाकटा भाऊ."

संकल्प अर्धवट टाकता येत नाही, म्हणून पुढचं सगळं त्याने मंत्र म्हणतच केलं. डाव्या हाताने यजमानांना दोरा धरायची खूण केली. छेदीने आमच्या टोकाला नांगराचा दोर बांधला, तो तिकडे पोचला आणि साताऱ्याच्या चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी आम्हाला घाटाला लावलं. आजींनी आमच्यावर अक्षता टाकल्या.

विधी संपेपर्यंत आम्ही तिघे पायरीवर बसून राहिलो. मला पन्नाशीत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटत होतं. शेवटी दादा आला. भाऊराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी, मीच यांना या नादाला लावलं. मला वाटलं, आता सोयरीक संपली.

दादा म्हणाला, "तुमची चूक कशी? विन्याला लहानपणी पोहायला शिकवलं ते मी. तेव्हा लोकांना मलाच बाहेर काढावं लागलं होतं." (तेव्हा मी त्याच्या गळ्याला मिठी मारली होती, एवढंच.) मग त्याने काठी उचलली, रीळ फिरवून बघितलं आणि भाऊरावांना विचारलं, हे एवढं लांब जातं कसं?

भाऊराव आणखी चार दिवस राहिले. दोघे रोज संध्याकाळी गच्चीवर बादली ठेवून फेकायचे. दादाचा मनगटाला झटका देण्याचा हात तर्पणामुळे आधीच तयार होता. चौथ्या दिवशी दहातल्या आठ फेकी बादलीत. माझ्याकडे बादली सरळ करून ठेवायचं काम होतं.

दिवाळीत आम्ही दोघेही रेवदंड्याला गेलो. बोट किनाऱ्यापासून लांब गेली, आणि दादा सोवळ्याचं धोतर खोचून, गळ न लावता, दिवसभर आनंदाने समुद्रात शिसं फेकत बसला. तिथले कोळीही आपल्या होड्या वळवून बघायला आले. भाऊरावांनी त्याचा फोटो काढून घेतला आणि तो आता आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. फोटोत भाऊराव हसताहेत, दादा काठी धरून ताठ बसला आहे आणि खाली, दोघांच्या मधे, आडवे पडलेले दोन पाय दिसतात. समुद्र लागतो हे मला होडीत जन्म घालवूनही माहीत नव्हतं.