राजवाड्यासमोरची पिशवी

साताऱ्यात राजवाड्यासमोर संध्याकाळचा बाजार भरला की राजवाड्याकडे बघणारा बहुधा मी एकटाच असतो. बाकी सगळ्यांचं लक्ष भाजीकडे. परवा असाच मान वर करून उभा होतो, तर मागून कुणीतरी माझ्या हातात जड पिशवी दिली. "धरा जरा." वळून पाहिलं, तर एक बाई पुन्हा भाजीवालीसमोर वाकल्या होत्या. पाठीवरून मी त्यांना नवरा वाटलो असणार. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पिशवी नीट सावरली आणि ऐटीत उभा राहिलो. या जुन्या चौकात आजवर किती नवरे असे पिशव्या धरून ताटकळले असतील, आणि त्यांतल्या एकालाही आपलं भाग्य कळलं नसेल.

"वांगी घेऊ का हो?" बाईंनी न बघताच विचारलं.

"घे की," मी म्हणालो.

त्या गर्रकन वळल्या. "आमचे हे वांग्याला कधी हो म्हणायचे नाहीत. कोण तुम्ही?"

भाजीवाली पदरात हसली. "असू द्या काकी, पिशवी तरी नीट धरलीया."

मी माफी मागून पिशवी परत केली. काय सांगणार त्यांना? भाजी कुठली घेऊ, असं मला सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. नाहीतर वांगी मलाही आवडत नाहीत.