गुन्हा कबूल आणि दोन अर्ज

कौसल्या गमरे सकाळपासून एका जागी टेकली नव्हती. आरशामागे दोन अर्ज खोचलेले. एक लॉ कॉलेजचा, दुसरा गुन्हेगार आणि तुरुंग यांच्या अभ्यासाच्या नव्या एम.ए.चा. दोन्हींची मुदत आज पाचला संपणार, आणि हिला व्हायचं होतं प्राध्यापक.

"एम.ए. केलं की दोन वर्षांत वर्गावर उभी राहीन," ती दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या घालत म्हणाली. "कायदा शिकवायचा तर आधी एलएल.बी., मग एलएल.एम. म्हातारी होईन, बाबा."

रात्रपाळीची झोप काढून उठलेले कोंडीराम बशीत चहा ओतत होते. "हो गो. पण काळा कोट बघून फौजदार खुर्ची देतो. तुझ्या एम.ए.ला काय देणार? कोठडीची किल्ली?"

"मला खुर्ची नको, फळा हवा."

शिकवायची हौस तिनं चाळीतच भागवून घेतली होती. जानेवारीतल्या गोळीबारानंतर लोअर परळच्या या चाळीतून सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या, तेव्हा कोर्टात कुणी गडबडू नये म्हणून गॅलरीत तालीम तिनंच सुरू केली. उलटी बादली म्हणजे मॅजिस्ट्रेटची खुर्ची. वर कौसल्या. "गुन्हा कबूल?" तिनं विचारायचं, आणि समोरच्यानं छाती काढून गरजायचं, "कबूल! संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" सगळ्या गॅलरीला पाठ.

दारात शेजारची बकुळा येऊन उभी राहिली. हातात नवऱ्याचा, शिवाचा डबा, तसाच भरलेला.

"कौसल्या, तुझ्या शाळेत आमच्या शिवाचा पहिला नंबर आला गो."

"म्हणजे? शिवादादा तर तुकडीत नव्हते."

"तालमीला मात्र रोज, दात काढायला! परवा पाळी सुटल्यावर गिरणीच्या गेटापाशी विडी ओढत होता. बाजूनं मोर्चा. जमावबंदी म्हणून पोलिसांनी यालाही गाडीत कोंबला. आज कोर्टात साहेबानं विचारलं, गुन्हा कबूल? तर हा छाती काढून म्हणतो, कबूल! दोन महिने बसले."

"अरे, पण पाळीवरनं येत होतो म्हणून सांगायचं ना!" कोंडीराम ओरडले.

"सांगतोय कशाला? तालमीत ते वाक्य कुठं होतं?"

कौसल्याच्या फेऱ्या थांबल्या.

"आता ते कबूल मागं घेता येतं काय?" बकुळानं विचारलं.

"ठाऊक नाही, वैनी."

"मग शिकवलंस कशाला?"

या खेपेला तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

कौसल्यानं लॉ कॉलेजचा अर्ज ओढला आणि ट्रंकेवर ठेवून भराभर भरला.

"बघ! काळा कोट!" कोंडीरामांची बशी हिंदकळली.

"कोट तुम्ही घाला. मी शिकवणारच, म्हातारी झाले तरी. पण आधी शिकून." तिनं दुसरा अर्ज पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'कबूल म्हटलेलं मागं घेता येतं का? किती दिवसांत?' "अर्ज देताना तिथल्या एखाद्या वकील मास्तरांना गाठून आजच विचारते."

"मीपण येते. आणि लिही, डबा देऊ देतात काय?"

तिनं तेही लिहिलं.

गॅलरीत तालमीची बादली उलटीच होती. जाता जाता बकुळानं ती पायानं सुलटी केली.

"नळाची वेळ झाली," ती म्हणाली. "चल, पाच वाजतील."