बरोबरीत सुटलेली कुस्ती

आमच्या साताऱ्याच्या कचेरीतला तो शिपाई कुस्तीचा वेडा. रजा काढायचा ती फक्त मैदानांसाठी. साहेबांनी कुणाला झापलं तरी म्हणायचा, "पाय हालला की माणूस गेला, भाऊसाहेब." बाकावर मात्र कायम कडेला बसायचा, शेजारची जागा मोकळी ठेवून. कुणी तिथं टेकायला लागलं की हात आडवा घालायचा. एकदा मी कारण विचारलं.

"जोडीदार हाय," तो सहज म्हणाला. "एकाहत्तरला लढाईत गेला. पण आमची शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली व्हती. निकाल लागंपातुर त्यो जातोय कुठं?"

त्या वर्षी मी त्याच्याबरोबर कुंडलच्या मैदानाला गेलो. शेवटची कुस्ती झाली, माणसं पांगली, तसा तो आखाड्यात उतरला. पैलवान एकमेकांच्या अंगावर टाकतात तशी त्यानं मूठभर माती समोरच्या हवेत टाकली, सलामीला हात पुढं केला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी कडेवरून बघत होतो. तो जागचा हललासुद्धा नाही.

"पडलो, भाऊसाहेब," वर येत तो म्हणाला.

मला हसू आलं. मग तो पुढं चालू लागला आणि त्याची पाठ दिसली. पांढऱ्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मागं, चितपट झालेल्या पैलवानाला लागते तशी लाल माती थापली होती.

सोमवारी तो बाकाच्या मधोमध बसला होता.

"बसा की," म्हणाला, "आता मोकळंच हाय."

मी उभ्यानंच चहा प्यायलो.