समुद्रात चार रात्री आणि नेकनूरला लावलेला एक व्हिडिओ कॉल

बीडच्या बसस्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, दुरुस्ती, स्क्रीनगार्ड, असलं सगळं. त्यामुळे सुनीता, म्हणजे माझी बायको, "एकदा त्या मोठ्या जहाजात बसायचंय" म्हणाली, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच आला की भर समुद्रात इंटरनेट कसं चालत असेल? मराठीत यावर कुणी धड लिहिलेलंही सापडेना. म्हटलं, आपणच जाऊन बघू आणि ब्लॉगवर लिहू. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत मुंबई, चार रात्रींची सहल बुक केली. लिहायचं होतं वाय-फायबद्दल. लिहितोयही त्याबद्दलच, पण हे असं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुणे, तिथून मुंबई, मुक्काम साडूंकडे. बीडहून जाणाऱ्यांनी हा एक दिवस हाताशी ठेवाच, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. बंदरावर आधार कार्ड, बॅगांच्या चिठ्ठ्या, तपासणी यात तीन तास जातात. घरून नेलेल्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतात. धपाटे मात्र सुटले. जहाज समोर आलं तशी सुनीता जागीच उभी राहिली. "आवो, हे तर कलेक्टर हापिसाहून मोठं हाय!"

आता वाय-फाय. किनारा सोडल्यावर तास-दीड तास आपली नेहमीची रेंज पुरते. मग फोन जहाजाचं महागडं नेटवर्क पकडू पाहतो, म्हणून त्याआधी फ्लाइट मोड लावा. इंटरनेट तिकिटात नसतं. पॅकेज दोन, एक फक्त मेसेजचं आणि दुसरं 'सगळं चालेल' असं सांगून विकलेलं. मी दुसरं घेतलं. आम्हा दोघांच्या बीड ते मुंबई जाण्यायेण्याच्या भाड्याहून ते महाग पडलं, आणि एका वेळी एकाच फोनवर चालतं. सिग्नल येतो उपग्रहावरून. वरच्या डेकवर बरा, आत केबिनमध्ये लोखंडी भिंतींमुळे निम्मासुद्धा नाही. सकाळी नाश्ता झाला की सगळं जहाज एकदम फोन काढतं, तेव्हा साधा फोटोसुद्धा गोल गोल फिरत बसतो. मेसेज जातात. व्हिडिओ कॉल नशिबावर.

दुसरा दिवस नुसता समुद्र. आमची केबिन आवरायला तिशी ओलांडलेला एक माणूस आला. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, तोंडात "गुड मॉर्निंग सर". त्याच वेळी सुनीता मला ओरडली, "वला टॉवेल गादीवर कावून टाकला वो?" ते 'कावून' ऐकून तो चादर झटकता झटकता थांबला आणि हसला.

"बीडकडचे का तुमी?"

त्याचं नाव दत्ता, गाव नेकनूर. घरी आई-वडील, बायको, दोन मुली आणि अशोक नावाचा धाकटा भाऊ. तो सात वर्षं जहाजावर होता. या वेळचा करार संपायला दीड महिना उरला होता. सुनीतानं त्याला जबरदस्तीनं धपाटा दिला. त्यानं तो उभ्यानंच खाल्ला, कारण पाहुण्यांच्या केबिनमध्ये बसायची त्यांना मनाई आहे.

मी वाय-फायचा विषय काढला. कामगारांना वेगळं कार्ड विकत घ्यावं लागतं, म्हणाला. खालच्या मजल्यावर तेवढं चालतं, आणि मेसेज गेला तरी पुष्कळ. पाहुण्यांचं इंटरनेट वापरलं तर नोकरी जाते.

"भाऊ, आमचे आईबाप ऊस तोडायला जायचे. मी बी लहानपनी गेलतो. गावात कुनी मेलं तर फडावर आठ दिसांनी कळायचं. म्हनून म्या कोयता धरला न्हाई, हिकडं आलो." मग चादरीचा कोपरा ओढत म्हणाला, "पर हितं बी तेच हाय."

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप. जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. पाणी इतकं निळं की सुनीता ओंजळीत घेऊन बघत होती रंग हाताला लागतो का. बेटावर माझ्या फोनला दोन काड्या रेंज आली, तेवढ्यात घरी पोरांना फोटो पाठवले. उलटी न होण्याची गोळी होडीत बसायच्या आधी घ्या. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं आणखी बरंच आहे, पण लिहायला मन होत नाही.

चौथ्या दिवशी परतीचा समुद्र. सकाळी दहाच्या सुमारास दत्ता आला. "गुड मॉर्निंग" नाही, काही नाही. उशीचा अभ्रा त्यानं दोनदा उलटा घातला. सुनीतानंच विचारलं, "काय झालं रं भाऊ?"

"आमचे दादा गेले, ताई. पाटं."

वडिलांना ते दादा म्हणत. अशोकचा मेसेज दत्ताला तीन तासांनी मिळाला होता. अकराला माती होती, म्हणजे अंत्यविधी. साहेबांना सांगितलं होतं, पण मधल्या समुद्रात कोण काय करणार? "तोंड तरी बघायला मिळालं असतं," एवढंच तो म्हणाला. मागितलं त्यानं काहीच नाही.

मी फोन पुढे केला. तो मागं सरकला. "नगं भाऊ. कुनी बघितलं तर..."

"बाप एकदाच जातो रे," मी म्हणालो. हे मी म्हणालो होतो, म्हणून लिहून ठेवतो.

वरच्या डेकवर सिग्नल चांगला होता, पण तिथं त्याला नेणं शक्यच नव्हतं. त्यानं सामानाची गाडी दारात आडवी लावली आणि अशोकचा नंबर पाठ म्हटला. चौथ्या खेपेला, अकरा वाजत आले तेव्हा, कॉल लागला. आधी आवाज आला, बायकांच्या रडण्याचा. मग चित्र आलं: पत्रे, कुणाचे तरी पाय, प्लास्टिकच्या खुर्च्या. "अशोक, दादाकडं धर, दादाकडं," दत्ता दबक्या आवाजात सांगत होता. कॅमेरा वळला. तिरडीची कड दिसली, पांढरं कापड दिसलं, आणि पडद्यावर अशोकचं कोपर आलं.

चित्र तिथंच थांबलं.

दत्ताला ते कळलं नाही. त्याला वाटलं, सगळे स्तब्ध उभे आहेत. त्यानं हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी म्हणत राहिला. मला कळलं होतं, माझा धंदाच तो आहे. पण त्याला हात लावून "अरे, हे अडकलंय" असं सांगायचा धीर मला झाला नाही. कॉल तुटला. मी परत लावला, पुन्हा लावला. पॅकेजमधून आपोआप बाहेर काढलं होतं, पासवर्ड टाकून आत जाईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. पुन्हा चित्र आलं तेव्हा धूर दिसत होता.

दत्ता आमच्या न्हाणीघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर येताना त्यानं बेसिन पुसून कोरडं केलं, टॉवेल बदलला, आणि पुढच्या केबिनकडे गाडी ढकलली.

मला राग आवरेना. सुनीता म्हणत होती, "बसा गप." मी खाली चौकशीच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीनं हसून सांगितलं की समुद्रात इंटरनेटची खात्री देता येत नाही, हवं तर पॅकेजचे थोडे पैसे परत करू. पैसे म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मोडक्यातोडक्या हिंदीत ओरडलो, "तुमच्या या इंटरनेटमुळे एका माणसाला बापाचं शेवटचं तोंड बघता आलं नाही!"

ती खरंच कळवळली. "सॉरी सर. कुठल्या केबिनमधले पाहुणे?"

"पाहुणे कसले? आमची खोली आवरतो तो दत्ता!"

तिचा चेहरा कोरा झाला. तिनं माझा केबिन नंबर लिहून घेतला. तोंडातून काय गेलं ते मला जिना चढताना समजलं. मी परत खाली धावलो. म्हटलं, चूक माझी आहे, मीच बळंच फोन दिला, त्यानं मागितला नव्हता. ती म्हणाली, "वर कळवलंय, सर."

संध्याकाळी टॉवेल घेऊन दुसराच माणूस आला. दत्ता कुठे आहे विचारलं, तर मान हलवून निघून गेला. सुनीता माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मुंबई. बॅगा घेऊन बाहेर आलो तर बंदराच्या फाटकापाशी दत्ता उभा होता, साध्या कपड्यांत, एक सूटकेस घेऊन. करार रद्द झाला होता. मी जवळ गेलो. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुमी कावून सांगितलं, भाऊ?"

सुनीतानंच त्याची सूटकेस उचलली. "चल, गाडी करू. उंद्या राख सावडायची आसंल, येळंत पोचशील."

भाड्याची गाडी केली. पुणे, नगर, जामखेड, पाटोदा. नगरच्या पुढं मोठं काम चालू असल्यानं तासभर जास्त लागला. वाटेत रेंज सगळीकडे फुल्ल होती. दत्ताचा फोन सारखा वाजत होता. तो बघायचा आणि पालथा ठेवायचा. जामखेडला चहासाठी उतरलो, तर तो गाडीतच बसून राहिला. मांजरसुंब्याच्या चौकात आमची बीडची वाट सुटते, पण आम्ही नेकनूरला वळलो आणि त्याला दारापर्यंत सोडलं. आतून आईचा हंबरडा ऐकू आला. आम्ही खाली न उतरता परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडायला मी एकटा गेलो. अशोकला बाजूला घेऊन विचारलं, कुणी व्हिडिओ काढलाय का, म्हटलं निदान तो तरी दत्ताला मिळेल. तो म्हणाला, "न्हाई वो. कॉल चालू हुता ना, म्हनून कुनीच काढला न्हाई. आमाला वाटलं, त्यो बघतोय."

निघताना दत्ताच्या आईनं मला हाक मारली. दाराशी बसली होती. "तुमीच का ते, फोन दिलेले?"

"हो, मावशी."

"बरं केलं बाबा. थोरला म्हनला, बापाचं तोंड बघितलं म्हून. नीट दिसलं न्हवं त्याला?"

दत्ता तिच्या मागे उभा होता. माझ्याकडे बघत होता.

"दिसलं मावशी," मी म्हणालो. "लई स्वच्छ दिसलं."

बीडला येऊन मी जहाजाच्या कंपनीला तीन मेल लिहिले. सगळी चूक माझी, त्याला परत घ्या. पहिल्याला उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. बाकी दोन्हींना तेही नाही. सुनीता बोलायला लागली आहे, पण सहलीचे फोटो अजून कुणी उघडलेले नाहीत.

तर, जाणार असाल तर मेसेजचं साधं पॅकेज घ्या. व्हिडिओ कॉलच्या भरवशावर काही ठेवू नका. तक्रार करायची असेल तर स्वतःपुरती करा, दुसऱ्या कुणाचं नाव तोंडातून काढू नका.

दत्ता सध्या नेकनूरलाच आहे. सुट्टी मिळाली असं त्यानं आईला सांगितलंय. मधे दुकानात आला होता. म्हणाला, ती रोज विचारते, सुट्टी कवा संपती.