भाऊसाहेबांची खाण आणि अकरा झाकणं

दोन हजार पाच साली माझ्यावर यंत्र असल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांकडे भक्कम पुरावे होते आणि माझ्याकडे होती कमरेपर्यंत दाढी.

दाढीचं येतंच आहे, आधी नीलिमाचं सांगते. आम्ही तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायचो आणि नीलिमा समोरच्या बिल्डिंगीत. तिच्याकडे कामाचं परमिट होतं आणि बँकेत नोकरी होती, आणि या दोन्ही गोष्टी ती आजचं हवामान सांगावं तशा रोज सांगायची. आदल्या वर्षीच्या संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाला एकतीस बायकांना वाण म्हणून किचन टायमर दिले. प्रत्येकीच्या हातात टायमर ठेवताना म्हणाली, "माझ्या पगारातून हं." एकतीस वेळा! मी शेवटून दुसरी होते, त्यामुळे मला जवळजवळ सगळे प्रयोग बघायला मिळाले.

मीसुद्धा बँकेतलीच होते हो. सांगलीच्या एका सहकारी बँकेत चौदा वर्षं कॅशियर. पण अमेरिकेत मी आले ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटीला बांधून आलेल्या बायकोचा व्हिसा. त्यावर स्वयंपाक करता येतो, बर्फ उपसता येतो, मुलीला सॉकरला सोडता येतं. फक्त कमावता येत नाही. आमच्या ह्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा कुठल्यातरी ऑफिसात पडून होता आणि त्या अर्जाला दृष्ट लागू नये म्हणून घरात कोणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही, असा ह्यांचा एकूण दंडक.

आणि तरीही त्याच वर्षीच्या दिवाळी फराळाला, हातात चिवड्याची प्लेट असताना, मी जाहीर केलं, "यंदा हळदीकुंकू माझ्याकडे. आणि वाण माझ्या स्वतःच्या कमाईतून."

चिवडा चावण्याचे आवाज थांबले. नीलिमानं गोड हसून विचारलं, "कुठली गं कमाई?"

"आहे," मी म्हटलं. (नव्हती.)

घरी येऊन मी डोकं धरून बसले. तेव्हा मदतीला आली माझी लेक सई, वय वर्षं चौदा. ती कॉम्प्युटरवर एक गेम खेळायची. त्यात एक भलंमोठं राज्य, जगभरची माणसं एकाच वेळी त्यात फिरतात, राक्षस मारतात, खाणीत खणतात आणि मोहरा मिळवतात. आणि काही आळशी लोक खणायचा कंटाळा म्हणून त्या मोहरा खऱ्या डॉलरनी विकत घेतात. मी खुर्चीत सरळ झाले. विचारलं, खऱ्या?

"येस आई, पण तसं विकणं अलाउड नाहीये."

मी "येस आई" पर्यंतच ऐकलं.

सईनं मला एक माणूस तयार करून दिला. खाणीत कामाला बुटके चांगले, म्हणून बुटका. बुटक्यांना दाढी सक्तीची, म्हणून दाढी. चेहरा निवडता निवडता तो हुबेहूब माझ्या थोरल्या दिरांसारखा झाला, तेव्हा मी त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. प्रत्यक्षातले भाऊसाहेब आयुष्यात स्वतःचं ताटसुद्धा उचलत नसत. माझ्या भाऊसाहेबांना मी खांद्यावर कुदळ देऊन तांब्याच्या खाणीत उतरवलं, आणि खोटं कशाला बोलू, पैसे मिळाले नसते तरी तेवढं सुख पुरेसं होतं.

मग माझा दिनक्रम सुरू झाला. सकाळी हे ऑफिसला आणि सई शाळेला गेली की बरोबर नऊ दहाला भाऊसाहेब खाणीत. खाणीत पाच खडक होते. पहिल्यावर टिचकी, दुसऱ्यावर टिचकी, पाचवा झाला की पुन्हा पहिला, तोवर तिथं नवीन तांबं उगवलेलं असायचं. चौदा वर्षं व्हाउचरवर शिक्के मारलेला हात आहे हा! त्याला लय सापडायला दोन दिवस लागले. अकरा वाजता कुकर, त्याच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत सुट्टी. साडेबाराला जेवण. एक ते तीन परत खाण. शेजारी खणणारी पोरंटोरं मध्येच नाचायची, उड्या मारायची, एकमेकांच्या टोप्या बघायची. भाऊसाहेब मान वर करत नसत. ऑफिसच्या वेळेत कसल्या टोप्या बघायच्या?

मोहरा साठल्या की एका साईटवर नोंद करायची. मग गेममधल्या विहिरीपाशी एक चिलखतवाला यायचा, मोहरा घ्यायचा आणि आठवड्याभरात घरी पाकिटातून एका मोठ्या दुकानाचं गिफ्ट कार्ड यायचं. हे कार्ड बघून तर मी फारच खूश झाले. कारण कार्ड म्हणजे पैसा नव्हे. ती भेट. आणि भेट घ्यायला एच-फोरवर कुठं बंदी आहे? (असा बारकावा मला सुचला हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.)

त्या दुकानात काचेचे डबे होते, निळ्या झाकणाचे, दोन डॉलरला एक. तेच वाण ठरलं. तीन महिने खणून भाऊसाहेबांनी एक्केचाळीस डॉलर आणले. वीस डबे आले आणि कपाटात कोटांच्या मागे लपले. उरलेल्या अकरा डब्यांच्या मोहरासुद्धा भाऊसाहेबांच्या थैलीत जमल्या होत्या, फक्त विकायच्या बाकी होत्या. हळदीकुंकू शनिवारी होतं.

सोमवारी बर्फाचं वादळ आलं. ऑफिसं बंद, त्यामुळे हे घरी, वरच्या खोलीत फोनवर मीटिंगमध्ये. मी खाली आवाज बंद करून खणत होते. इतक्यात खाणीच्या तोंडाशी निळ्या झग्यातला एक उंच मनुष्य प्रकट झाला. चालत आला नाही, प्रकट झाला. आणि पडद्यावर अक्षरं उमटली : नमस्कार, मी या राज्याच्या व्यवस्थापनाकडून आलोय. तुम्ही काय करताय?

व्यवस्थापन म्हणे! मला सगळं कळलं. हा इमिग्रेशनचा माणूस! बाहेर एवढं बर्फ, गाडी आणता येईना, म्हणून इकडून आलाय!

आता बँकेतला जुना नियम असा, की इन्स्पेक्शनला साहेब आले की मान खाली घालून काम चालू ठेवायचं. मी खणत राहिले. पहिला खडक, दुसरा खडक. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा मला आठवलं ते एकच वाक्य, जे ह्यांनी विमानात सबंध प्रवासभर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, अधिकारी काहीही विचारो. मी टाइप केलं, "आय ॲम नॉट वर्किंग. आय ॲम डिपेंडंट."

मग त्यानं विचारलं, पाच आणि तीन किती?

चौदा वर्षं कॅशियर होते मी. पण मला वाटलं, हाच सापळा. हिशोब येतो म्हटलं की विचारणार, कुठं नोकरी करत होतात! सईनं तेच वाक्य पुन्हा चिकटवायची युक्ती शिकवली होती. चिकटवलं. आय ॲम नॉट वर्किंग. आय ॲम डिपेंडंट. त्यानं विचारलं, आकाशाचा रंग कोणता? चिकटवलं. तुम्ही खरी व्यक्ती आहात का?

चिकटवलं.

भाऊसाहेब कुदळीसकट नाहीसे झाले. पडद्यावर निरोप आला की तीन महिने एकाच वेगानं, ठरावीक वेळी, एकाही माणसाशी न बोलता खणणारं हे खातं यंत्र चालवत असल्यामुळे बंद करण्यात येत आहे. थैलीही गेली. अकरा डबे गेले.

मी जिना चढून वर गेले आणि ह्यांची मीटिंग संपायची वाट न बघता सगळं ओकले. ह्यांचा चेहरा बाहेरच्या बर्फासारखा झाला. फोन ठेवून त्यांनी फक्त विचारलं, "किती कमावलेस?"

"एक्केचाळीस डॉलर."

"किती तासांत?"

दिवसाला पाच तास, तीन महिने. ह्यांनी कागदावर भागाकार केला, पुन्हा एकदा केला. मग हायसं वाटल्यासारखे म्हणाले, "ताशी चौदा सेंट. याला कोणी नोकरी म्हणणार नाही. भाऊसाहेबांचा छळ म्हणतील फार तर."

पण यंत्र म्हटलं हे ह्यांना लागलं. म्हणजे माझ्यासाठी नव्हे हो! अधिकृत पत्रातली चूक ह्यांना सहनच होत नाही. सहा वर्षांत ह्यांनी व्हिसाचे इतके अर्ज केले होते, की आणखी एक अर्ज करायला मिळतोय म्हणून गृहस्थाच्या डोळ्यांत चमक आली. दोन दिवस डायनिंग टेबलावर फाईल तयार होत होती. वर पत्र, मग अनुक्रमणिका, मग रंगीत टॅब लावलेली जोडपत्रं. माझा पासपोर्ट. जन्मदाखला, भाषांतरासह. लग्नाचे फोटो, त्यात मुंडावळ्यांखालून दिसणाऱ्या माझ्या नाकावर बाण. जोडपत्र पाचवं म्हणजे सांगलीच्या बँकेनं निरोपाला दिलेलं प्रशस्तिपत्र. त्यात मॅनेजरसाहेबांनी कौतुकानं लिहिलं होतं, "यांचा कामाचा वेग व अचूकता यंत्रासारखी आहे." मी म्हटलं हे नको. हे म्हणाले, मूळ कागद आहे, शिक्का आहे, राहू दे.

आणि जोडपत्र नववं : गिफ्ट कार्डांच्या पावत्या आणि डब्यांचं बिल. यंत्र तीन महिने राबून वाण कशाला विकत घेईल, असा ह्यांचा बिनतोड युक्तिवाद.

सई ते बघून किंचाळायचीच बाकी होती. "बाबा, नववं काढा. प्लीज. विकणंच अलाउड नाहीये."

"एक कागद कमी पडला की अर्ज परत येतो, सई," हे म्हणाले. "आणि सत्य लपवायचं नसतं." फाईल गेमच्या कंपनीकडे अठरा डॉलरच्या कुरिअरनं गेली. म्हणजे नऊ डबे तिथंच गेले.

शुक्रवारी ईमेलनं उत्तर आलं. फारच सभ्य उत्तर. इतकी नीटनेटकी फाईल आमच्याकडे आजवर आली नाही, पत्नी मानवच आहेत याबद्दल आमची पूर्ण खात्री पटली आहे, झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. तसेच जोडपत्र नऊवरून त्यांनी मोहरा विकल्याचं सिद्ध होत असल्यामुळे खातं कायमचं बंद करत आहोत.

ह्यांनी पहिलाच भाग मोठ्यानं वाचला आणि समाधानानं म्हणाले, "बघ. मंजूर झालं."

राहिला शनिवार. वीस डबे, एकतीस बायका. हे म्हणाले, अकरा डबे मी आणतो, बावीस डॉलरचा तर प्रश्न. पण मी एकतीस जणींसमोर स्वतःची कमाई म्हटलं होतं. नवऱ्याच्या पैशाचा एक डबा जरी दिला असता, तरी नीलिमाला तो वासावरून कळला असता. मी रात्रभर डबे उघडत होते, झाकत होते, आणि पहाटे एकदम लक्षात आलं, की झाकण वेगळं निघतं!

नऊ जणींना मिळाला झाकणासकट डबा. अकरा जणींना नुसता डबा. आणि अकरा जणींना नुसतं झाकण. बरोबर एकतीस. कॅशियरचा हिशोब आहे, चुकायचा नाही. झाकण हातात आलेली प्रत्येक बाई आधी ते उलटं करून बघायची, खाली काही आहे का म्हणून. नीलिमाला झाकण मिळालं हा निव्वळ योगायोग. (नव्हता.)

"अगं, याचा डबा?" ती म्हणाली.

"तळेगावकर काकूंकडे आहे," मी म्हटलं. "माझ्या कमाईतून हं."

पुढे दोन वर्षांनी ग्रीन कार्ड आलं, यथावकाश मी लायब्ररीत नोकरीला लागले, तिथंही पुस्तकांवर शिक्के मारले. आता आमची नात मीरा, सईची मुलगी, शेजारी बसून माझी मजा बघते. कुठलीही साईट उघडली की ती साईटच विचारते मी रोबोट आहे का, आणि सिग्नलचे दिवे असलेले चौकोन निवडायला सांगते. माझे तीनदा चुकतात. चौथ्या वेळी आतून ह्यांचा आवाज येतो, "थांब, फाईल आणतो."

परवा मीरानं अगदी गंभीरपणे विचारलं, "आजी, आर यू अ रोबोट?"

"नाही बाळ," मी म्हटलं. "रोबोटला ताशी जास्त मिळतात."