जीपची पायरी

धम्मपाल केदारेने बत्तीस वर्षं नाशिकच्या एका कारखान्यात गाड्यांना दारं बसवली. दार लागल्याच्या आवाजावरून बिजागरी किती सैल आहे ते सांगणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. ही ख्याती बहुतेक वेळा तो स्वतःच सांगे. घरी मात्र आयुष्यभर एक स्कूटर. जुलैत तो निवृत्त झाला आणि ऑगस्टमध्ये कुणालाही न विचारता एक जुनी फोर बाय फोर जीप घेऊन दारात उभा राहिला. बायको अंजली शाळेत शिकवते. काय विचारायचं ते तिने फक्त नजरेने विचारलं. तो म्हणाला, "आईसाठी घेतली."

हे अगदीच खोटं नव्हतं. त्याची आई भिमाबाई सत्त्याहत्तर वर्षांची. बहात्तरच्या दुष्काळात चांदवडच्या डोंगराखाली, तिच्या सासरच्या गावी, पाझर तलावाचं काम निघालं होतं. भिमाबाई आणि तिचा नवरा सावळीराम त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहत; पाच वर्षांचा धम्मपाल पोरांच्या रांगेत सरकारी सुकडीचा खाऊ घ्यायला उभा राहायचा. बांध पुरा झाला, पण पाऊस यायच्या आत दोघं पोराला घेऊन कामासाठी नाशिकला आली. पुढे गावी जाणं झालं ते लग्नाकार्याला, उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात ते तळं म्हणजे नुसती भेगाळलेली जमीन. सावळीराम भरलेलं तळं न बघताच गेला. भिमाबाईला ते एकदा बघायचं होतं. आयुष्यात तिने मुलाकडे मागितलं ते एवढंच. पण तिचे गुडघे गेले होते, आणि तळ्याची वाट ओढ्यातून, दगडगोट्यांतून जाते. साधी गाडी तिथे चालत नाही. म्हणून जीप.

सप्टेंबरात गावाहून भिमाबाईच्या वाळू नावाच्या पुतण्याचा फोन आला. "काकू, तळं काठोकाठ भरलं हाय. सांडव्यावरून पाणी चाललंय. लवकर या, दिवाळी झाली का उतरतंय ते."

भिमाबाईने त्याच दिवशी ठेवणीतलं पांढरं लुगडं काढून खुंटीला लावलं. धम्मपाल म्हणाला, "पुढच्या रविवारी जाऊ. तेवढे टायर बदलून घेतो."

घोळ इथून सुरू झाला. नाशिकच्याच अंबड भागात हर्षल नावाच्या तरुणाचं गॅरेज आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्याचा एकमेव दोष. मोठे टायर घातले तर ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून गाडी चार इंच उचलली. गाडी उचलल्यावर दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागले. ते खाली करताकरता टपावर आणखी दिव्यांची एक पट्टी आली. मग विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर. ती दिल्लीहून यायची होती आणि सावकाश आली. प्रत्येक रविवारी काहीतरी राहिलेलं असे.

आणि खरं सांगायचं तर धम्मपाल भलताच खूश होता. रविवारी सकाळी जीपवाल्यांचा गट इगतपुरीकडच्या चिखलात उतरायचा. त्यात हा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ सगळ्यात पुढे. इतकी वर्षं त्याच्या हातून दुसऱ्यांच्या गाड्या कोऱ्या करकरीत बाहेर पडल्या होत्या. आता स्वतःच्या दारावरचा चिखल तो मुद्दाम दोन-दोन दिवस धुवत नसे. गटातली पोरं म्हणायची, "काका, दारं काढून टाका, मजा येते." त्याला तो ठाम नकार द्यायचा. मात्र एक दिवस हर्षल जीपखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "हे फूटस्टेप दगडाला लागतात, काका. काढू का?"

"काढ," धम्मपाल म्हणाला. दाराखालच्या त्या लोखंडी पायऱ्या कुणासाठी असतात, हा विचार त्याच्या डोक्यातही आला नाही.

दिवाळी झाली. डिसेंबर उजाडला. एका सकाळी अंजली चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, आईंचं लुगडं तीन महिने खुंटीवर आहे." ती आवाज चढवत नाही, त्यामुळे ते जास्त लागतं. त्या रविवारी जायचं ठरलं.

भिमाबाई लुगडं नेसून फाटकाशी आली. धम्मपालने दार उघडलं. सीट तिच्या छातीच्या उंचीला होती. तिने पाय उचलून पाहिला, गुडघा वळेना. अंजलीने स्टूल आणलं; ते डुगडुगायला लागलं. धम्मपाल म्हणाला, "थांब, उचलून बसवतो."

"मी काय कांद्याची गोणी हाय?" भिमाबाई म्हणाली.

तिने काठीने सीटची उंची मापली. मग म्हणाली, "बांधावर आम्ही ट्रक भरायचो तव्हा ट्रक खड्ड्यात लावायचे, माती वरून लोटायची. माणसानं चढायचं नसतं, गाडी खाली घ्यायची असती." काठी टेकत ती कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बुद्धविहाराकडे निघाली. विहाराच्या ओट्याला पाच बुटक्या पायऱ्या आणि कठडा. एकेक पायरी थांबत थांबत ती वर गेली. धम्मपालने जीप ओट्याला चिकटवून लावली. ओटा आणि जीपची फरशी एका पातळीत आली, आणि भिमाबाई घरात शिरावं तशी आत जाऊन बसली.

ओढा जीपने सहज ओलांडला. एरवी धम्मपाल यावर दोन दिवस बोलला असता. तळ्यापाशी वाळू वाट बघत होता. आईने आधीच बजावल्याप्रमाणे धम्मपालने गाडी बांधाच्या उताराशी लावली, आणि तिने पाय टाकला तो थेट बांधावर.

तळ्याच्या मधोमध डबकंभर पाणी होतं. त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. बांधाच्या आतल्या दगडांवर बरंच वर पाण्याची पांढरी रेघ राहिली होती. वाळूने बोट दाखवलं. "हितवर होतं, काकू. दोन महिने होतं."

भिमाबाईने त्या रेघेकडे पाहिलं. मग एकदाच वळून जीपकडे पाहिलं: टायर, विंच, टपावरची दिव्यांची पट्टी. धम्मपालला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चुकलं आई माझं," तो म्हणाला.

"हां, चुकलं," ती म्हणाली. खाली बसून तिने बांधावर तळहात टेकला, दाबून पाहिलं. "माती मात्र चांगली बसली हाय."

दुसऱ्या दिवशी जीप अंबडला गेली आणि पुन्हा चार इंच खाली आली. हर्षलला फार वाईट वाटलं. दाराखाली लोखंडी नळीची एक रुंद, ओबडधोबड पायरी वेल्डिंग करून बसवली. ती दगडाला लागते, आणि गटातली पोरं तिला हसतात.

नवं कॅलेंडर आलं तेव्हा भिमाबाईने अंजलीकडून सप्टेंबरच्या पहिल्या रविवाराभोवती गोल करून घेतला. तोवर गुडघ्यांचा भरवसा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रोज संध्याकाळी ती काठी घेऊन फाटकाशी येते. धम्मपाल दार उघडून धरतो. ती पायरीवर एक पाय ठेवते, दाराजवळची दांडी धरून दुसरा उचलते, सीटवर टेकते, जरा दम खाते आणि पुन्हा खाली उतरते. जीप जागची हलत नाही.