रिबकाबाईंना आणायला प्रकाशाला

नंदुरबारला उतरलो तेव्हा उजाडले होते आणि स्टेशनाबाहेर कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांची मुंबईत एक मंडळी आहे. विधवा, अनाथ, अपंग यांची सोय ती पाहते. मी तिचा चिटणीस, पेशाने शाळामास्तर. रिबकाबाईंचे पत्र होळीच्या सुमारास आले होते. त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतले होते: “यजमान रेल्वेत गार्ड होते, ते वारले. माझी दृष्टी गेली. कुणीतरी न्यायला या.” मी निघालो दिवाळी उलटल्यावर. शाळेच्या परीक्षा, बहिणीचे लग्न, पाऊस, कारणांना तोटा नव्हता.

पत्रावरच्या पत्त्याची रेल्वेची खोली त्यांना केव्हाच सोडावी लागली होती. बाई तापीपलीकडे प्रकाशा गावाला असतात, असे एका हमालाने सांगितले. गाडीवाट शेतांतून तापीपर्यंत गेली. होडीत चढताना मी घसरलो आणि गुडघ्यापर्यंत भिजलो. तशाच ओल्या धोतराने जमनाबाई नावाच्या गुजर शेतकरणीच्या ओसरीवर पोचलो. तिथे रिबकाबाई बोटांनी चाचपत कापसातला पालापाचोळा वेचत बसल्या होत्या. नंदुरबारच्या दवाखान्यात त्या सुईण होत्या. जमनाबाईंच्या सुनेचे अडलेले बाळंतपण त्यांनीच सोडवले होते.

“मंडळीकडून आलात?” त्यांचा चेहरा उजळला. “पत्र मिळालं म्हणायचं!”

“हो, पण फार उशिरा मिळालं,” मी म्हणालो.

जमनाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. “मन्हा पोऱ्यानी सोता टपालमा टाकेल व्हतं. होळीपाईन वाट दखी ऱ्हायनी ती.” (माझ्या पोराने स्वतः टपालात टाकलं होतं. होळीपासून वाट पाहते आहे ती.)

मी धोतराचा ओला सोगा पिळू लागलो.

तो शुक्रवार होता; त्या संध्याकाळी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. सूर्य मावळण्याआधी जमनाबाईंनी दिवा लावला. “दिवा मी लावस, मंतर ती म्हनस,” त्या सहज म्हणाल्या. रिबकाबाईंनी न दिसणाऱ्या डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. आमच्या मंडळीने करायचे ते एक परकी बाई आठ महिने करत होती. भाकरी आणि भरीत समोर आले; मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो.

रविवारी निघालो. जमनाबाई नदीपर्यंत आल्या. दोघी गळ्यात पडून रडल्या. माझ्याकडे न पाहताच जमनाबाई परत फिरल्या.

सुरतेच्या गाडीत मला राहवले नाही. “बाई, पत्र वेळेवर मिळालं होतं. मीच आलो नाही.”

त्यांनी मांडीवरचे गाठोडे जवळ ओढले. मग म्हणाल्या, “पत्र हरवलं असेल असं मी स्वतःला सांगत होते. ते सोपं होतं.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आणखी कुणाला असं थांबवून ठेवलंय?”

“पनवेलला एक म्हातारे आहेत. एकटेच. त्यांचंही पत्र पडून आहे.”

“मग आधी तिकडे जा.”

मुंबईत बाईंना घरी माझ्या आईच्या हवाली करून दुसऱ्याच दिवशी पनवेल गाठले. दाराला कुलूप होते. शेजारी म्हणाला, “ते श्रावणातच वारले.”

घरी येऊन मी चिटणीसपदाचा राजीनामा लिहायला बसलो. काय लिहितोय ते आईने बाईंना सांगितले. भिंतीला हात लावत त्या माझ्यापाशी आल्या. “सोडून मोकळे होऊ नका, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मंडळीचं आजचं टपाल आलं असेल, ते वाचून दाखवा.”